धबधब्यामागची बाई

जुने फोटो परत करायला गेलं की लोक गहिवरतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी कुणाच्या दारात फोटो घेऊन उभं राहून बघितलेलं नसतं. चौकटकाका वर्षानुवर्षं उभे राहिले होते. लोक आधी दाराची साखळी न काढता फटीतून विचारतात, "काय विकायला आलात?" विकायचं काही नाही म्हटलं की संशय दुप्पट होतो. मग फोटो फटीतून आत जातो, आत कुजबुज होते आणि शेवटी कुणीतरी बाहेर येऊन म्हणतं, "हो, आजोबाच आहेत आमचे. पण आता यांना ठेवायचं कुठं?" स्वतःच्या आजोबांना ठेवायला जागा नसलेली घरं काकांनी इतकी पाहिली होती की हल्ली त्यांना रागसुद्धा येईनासा झाला होता. नुसता थकवा यायचा.

चौकट हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. फ्रेमा करणाऱ्या बापाचा फ्रेमा करणारा मुलगा, म्हणून गल्लीनं ते लहानपणीच चिकटवलं आणि सरसासारखं ते पक्कं बसलं. बायकोसुद्धा वैतागली की 'चौकटराव' म्हणायची, आणि बायको वैतागलेली नाही असा दिवस काकांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मध्ये उरलेली चिंचोळी बोळकांडी. पुढे काच कापायचं टेबल, वर खुंट्यांना लटकलेले पट्ट्यांचे नमुने, मागे एक बाकडं, आणि सगळीकडे भुसा. फ्रेम करून घ्यायला आता कुणी येत नसे. लोकांची माणसं फोनमध्ये आणि फोन खिशात, मग भिंती लागतात कशाला?

यायचा तो भंगारवाला. एखादं म्हातारं माणूस गेलं, घर रिकामं झालं, की भिंतीवरच्या फ्रेमा त्याच्या हातगाडीवर येऊन पडत. लाकूड आणि काच त्याची, आतला माणूस काकांचा, असा दोघांचा जुना करार होता. काका पकडीनं मागचे खिळे उपसायचे, पुठ्ठा काढायचे, फोटोवरची बुरशी मऊ ब्रशानं हळूहळू झटकायचे, आणि मग हातगाडी कुठल्या गल्लीतून आली ते विचारून त्या गल्लीत पायपीट करायचे. वाण्याला विचार, इस्त्रीवाल्याला विचार, शाळेच्या शिपायाला विचार. कुणी ना कुणी फोटोतलं नाक ओळखायचं.

हे खूळ डोक्यात शिरलं एका म्हातारीमुळे. पूर्वी काच जपून वापरायची वस्तू होती. घरात नवा फोटो आला की तो जुन्याच फ्रेममध्ये, जुन्या फोटोच्या पुढ्यात बसवत. त्यामुळे लग्नाच्या जोडप्यामागून त्यांचे सासूसासरे निघायचे, शाळेतल्या पोरामागून त्याचा बाप निघायचा. काकांनी अशीच एक फ्रेम उघडली आणि मागून निघालेला माणूस त्या घरी नेऊन दिला, तेव्हा तिथली म्हातारी त्यांचे दोन्ही हात धरून रडली होती. त्या एका म्हातारीनं आमच्या संसाराचं वाटोळं केलं, असं बायकोचं ठाम मत होतं. काकांनी मात्र तेव्हापासून एक नियम धरला: मागून निघालेला माणूस घरचाच. या नियमावर त्यांनी कितीतरी लोक कितीतरी घरांत पोचवले होते.

आता गुडघे बोलायला लागले होते. जिने चढवत नव्हते. दारात पुन्हा पुन्हा तीच वाक्यं बोलायचा वीट आला होता. एक दिवस हे सगळं आवरायचं असं ते रोज ठरवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानाची फळी उघडायचे, कारण घरी बसून करायचं काय हाही प्रश्न होताच.

त्या दुपारी काका एका पहिलवानाला काचेपासून सोडवत बसले होते. ओल लागून फोटो काचेला चिकटला की घाई चालत नाही, ओढाताण केली तर मिशी काचेवरच राहते. पहिलवानाचा एक खांदा सुटला होता, एवढ्यात दारात सावली पडली.

एक म्हातारा उभा होता. अंगातला कोट जुना, पण खांद्यावर असा बसलेला की बघत राहावं. गळ्यात मापाची फीत तशीच राहून गेलेली.

"टेलर दिसताय," काका म्हणाले.

"होतो," म्हातारा म्हणाला. "आता सुईत दोरा जात नाही. फीत आपली सवयीनं गळ्यात. हे जुनंच दुकान ना? वडिलांच्या वेळचं?"

"दुकान तेच. मालक तेवढा म्हातारा झाला. बसा."

टेलर बाकड्यावर बसले आणि त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून फडक्यात गुंडाळलेला फोटो काढला. खुर्चीत बसलेली एक तरुण बाई, मांडीवर तान्हं मूल. मूल स्वच्छ दिसत होतं. बाईची बोटं दिसत होती, बाह्या दिसत होत्या, गळ्यापर्यंत सगळं नीट होतं. त्याच्या वर चेहऱ्याच्या जागी भोक होतं.

"कसर लागली," टेलर म्हणाले. "ट्रंकेत कपड्याचे तुकडे होते, कागद होते, त्यांना हात लावला नाही. नेमका आईचा चेहरा खाल्ला." शेजाऱ्याची तक्रार सांगावी अशा आवाजात ते बोलत होते. "मांडीवर मी. मी वर्षाचा होण्याआधी ती तापानं गेली. बापाकडे तिचा विषय काढला की तो उठून बाहेर जायचा. शेवटपर्यंत तसाच."

"आणि माझ्याकडे?"

"आत्या सांगायची, त्या दिवशी फोटो दोन काढले होते. एक हा. एक तिचा एकटीचा. एकटीचा या दुकानात फ्रेमला टाकला होता. फ्रेम व्हायच्या आत ती गेली, आणि बाप पुन्हा या गल्लीत फिरकला नाही." ते जरा थांबले. "मला आधी कधी यायचं सुचलं नाही. पण आता डोळे चाललेत. कडेनं काळोख आत आत येतोय आणि मध्ये तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, काय बघायचं ते बघून घ्या. मी विचार केला, बघायचं असं राहिलंय तरी काय. हे एवढंच."

काकांनी फोटो टेबलाच्या उजेडात धरला. खुर्चीच्या उजव्या हातावरचा गोल लाकडी मोगरा तुटलेला होता. मागच्या पडद्यावर रंगवलेला खांब होता आणि खांबाला मधोमध घडी पडलेली होती. बाईच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या आणि डाव्या बाहीचं शेवटचं बटण लावलेलं नव्हतं. ते उघडं बटण काकांनी स्वतःच्या ब्रशानं साफ केलं होतं. ही बाई त्यांनी चेहऱ्यासकट पाहिली होती, आणि स्वतःच्या पायांनी चालत जाऊन दुसऱ्या कुणाला तरी आई म्हणून देऊन आले होते.

"सापडेल का?" टेलरनी विचारलं.

"बघतो," काका म्हणाले. फोटो त्यांनी परत फडक्यात गुंडाळला. "पुढच्या आठवड्यात या."

टेलर गेले. पहिलवान एका खांद्यावर तसाच अडकून राहिला, आणि काका बाकड्यावर बसून राहिले.

ती बाई त्यांना धबधब्यामागे सापडली होती. जुना छापील धबधबा, वर पिवळी पडलेली काच. एक निवृत्त नर्स मोठं घर सोडून एका खोलीत राहायला गेली, तेव्हा तिनं तो भंगारात दिला होता. तिला सगळे सिस्टरच म्हणत. काकांनी धबधबा उघडला, मागून ही बाई निघाली, आणि नियमाप्रमाणे काका तिला घेऊन सिस्टरांच्या दारात हजर झाले. सिस्टर तान्ह्या असतानाच त्यांची आई गेली होती. घरात सावत्र आई आली आणि पहिलीचा एकही फोटो कधी कुणी पाहिला नाही. बापानं सगळे फाडून टाकले असं सगळे म्हणत, आणि सिस्टरनी बापाला त्याबद्दल कधी माफ केलं नव्हतं. तो गेला तेव्हाही त्या ड्युटीवरच होत्या, मुद्दाम. आणि आता धबधब्यामागून ही निघाली. सिस्टरनी फोटो दोन्ही हातांनी धरला होता. मग म्हणाल्या होत्या, "म्हणजे त्यांनी तिला फाडलं नव्हतं. रोज माझ्या डोळ्यांसमोर ठेवली होती, फक्त मला दिसत नव्हती." काका त्या दिवशी घरी तरंगत गेले होते. गहिवरणारं माणूस त्यांना किती दिवसांनी भेटलं होतं!

आणि आता खरी गोष्ट समोर येऊन बसली. फ्रेममध्ये चित्र ढिलं बसू नये म्हणून मागे भर घालावी लागते. बाप खिळे ठोकायला घ्यायचा आणि ओरडायचा, "मागे काहीतरी भर रे!" भर घालायचं काम काकांचं. शाळेतून आलं की बाकड्याखालच्या गठ्ठ्यातून हाताला लागेल ते उचलायचं: कॅलेंडरं, वह्यांची कव्हरं, जाड कागद. खरखरीत बाजू चित्राला घासते, म्हणून गठ्ठाच गुळगुळीत बाजू खाली करून लावलेला असायचा, वरचं उचलायचं आणि तसंच घालायचं. त्यामुळे कधी काही उलटून बघायचं कारण पडलं नाही. नेणारं कुणी आलं नाही की पडून राहिलेले फोटो बाप त्याच गठ्ठ्यात टाकत असणार, हे काकांना इतक्या वर्षांनी, गुडघे गेल्यावर, टेलरचा फोटो बघून कळलं. धबधब्याची फ्रेम उघडताना आतले खिळे आपल्याच दुकानाचे आहेत हे पाहून त्यांना उलट अभिमान वाटला होता. सिस्टरांच्या बापानं धबधबा फ्रेमला आणला होता, आणि टेलरच्या आईला पुठ्ठा समजून त्याच्यामागे कोंबणारा पोरगा दुसरातिसरा कुणी नव्हता.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती घालतच राहिली.

"म्हणजे तुम्ही आजवर किती घरांत परके लोक टांगून आलात?"

"सगळे नसतील. दुसऱ्या दुकानांच्या फ्रेमा होत्या, त्यात घरचेच निघायचे. आपल्या दुकानाच्या किती होत्या ते आता कसं आठवणार?"

"आठवूच नका," बायको म्हणाली. "ज्यांनी टांगले ते सुखात आहेत ना? मग झालं. आणि सिस्टरांकडे जा, काच पुसायची आहे म्हणा, मोबाइलवर फोटो काढा आणि त्या बिचाऱ्या टेलरला द्या. त्याला आई मिळाली, तिची आई जागेवर राहिली. कुणाचं काय बिघडलं?"

काकांना हे पटलं. इतकं सोपं काहीतरी असावं अशी त्यांची मनापासून इच्छा होती. आता कुणाला काही समजावून सांगायचं त्राण त्यांच्यात नव्हतं, आणि खोटं बोलणं त्यामानानं हलकं काम होतं.

पण टेलर दुसऱ्याच दिवशी सकाळी दुकानाच्या फळीवर बसलेले. "डोळ्यांना आठवडा कळत नाही," एवढंच म्हणाले. काकांनी कुलूप काढलंच नाही. सापडलाय बहुतेक, चला, आणून दाखवतो, असं काहीतरी पुटपुटत ते टेलरना घेऊन निघाले. वाटेत त्यांनी टेलरना अर्धवट सांगितलं: फोटो एका बाईंकडे आहे, त्यांनी फार जीव लावलाय त्याला. टेलरनी पुढे काही विचारलं नाही. सिस्टरांच्या इमारतीखाली चहाची टपरी होती, तिथं काकांनी त्यांना बसवलं आणि स्वतः कठडा धरून एकेक पायरी चढत वर गेले.

सिस्टरांची खोली म्हणजे वॉर्डच. चादरीला सुरकुती नाही, औषधाच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या. भिंतीवर फक्त एकच फोटो.

"बसा," सिस्टर म्हणाल्या. "पाय पुढे करा. सूज बघा किती आहे. गोळी घेता की नुसते कण्हता?"

"घेतो. मी म्हटलं, काच जरा मळली असेल. पुसून देतो. आणि मोबाइलवर एक फोटो काढून ठेवतो, असावा आपल्याकडे."

"काढा की. मला पण पाठवा. नाहीतर थांबा, मीच तुम्हाला निरोप देणार होते." सिस्टरांचा आवाज एकदम मऊ झाला. तो तसाही होऊ शकतो हे काकांना माहीत नव्हतं. "आमच्या वर्षानं थोरल्या सख्ख्या भावाची नात आली होती परवा, आईबरोबर. सात महिन्यांची. सगळे म्हणाले, नाक बघा, पणजीचं आहे. मी फोटोशेजारी धरून बघितलं तिला. अगदी तेच हो! माझ्यानंतर हा फोटो तिला जाईल असं सांगून ठेवलंय. मागे तसं नीट लिहून द्या, तुमचं अक्षर बरं आहे."

काकांनी मोबाइल बाहेर काढला होता. तो त्यांच्या हातात तसाच राहिला. एक सात महिन्यांचं पोर आता कुणाच्या तरी परक्या नाकाची ओळख सांगत मोठं होणार होतं. उद्या तिची मुलं, परवा त्यांची. खोटं बोलणं हलकं काम आहे असं त्यांना काल वाटलं होतं, पण हे खोटं आपण मेल्यावरसुद्धा पोरंबाळं वाढवत राहणार हे आत्ता लक्षात आलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "ही तुमची आई नाही."

सिस्टर टॉवेलची घडी घालत होत्या. ती त्यांनी पूर्ण केली. "कोण म्हणतं?"

"तिचा मुलगा. खाली टपरीवर बसलाय."

"आणि माझ्या वडिलांच्या धबधब्यामागे ती कशी आली?"

"मी घातली. लहानपणी. भर म्हणून, पुठ्ठा समजून. बघितलंसुद्धा नाही."

सिस्टरनी टॉवेल कपाटात ठेवला, दार लावलं आणि त्या वळल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी आले होते का तुमच्या दुकानात?" त्या म्हणाल्या. "मागितला होता का मी फोटो? मला आई नव्हती आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नव्हतं. शिकले, नोकरी केली, हजार लोकांची आजारपणं काढली. तुम्ही दार वाजवून आई आणून दिलीत. आता दार वाजवून न्यायला आलात. नसती उठाठेव करायला सांगितली कुणी तुम्हाला?"

"कुणी नाही."

"आणि वडिलांचं काय? हा फोटो आला तेव्हा मी त्यांच्यावरचा राग सोडला. इतक्या वर्षांचा राग, तो सोडताना मला काय झालं ते तुम्हाला काय माहीत. आता काय करू? पुन्हा धरू? मेलेल्या माणसावर, या वयात?"

आयुष्यात इतकी लाज काकांना कधी वाटली नव्हती. "कॉपी काढतो," ते कसंबसं म्हणाले. "एक तुम्हाला, एक त्यांना."

"परक्या बाईची कॉपी मला काय करायचीय? बोलवा त्यांना वर."

टेलर वर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. सिस्टरनी त्यांना पाणी दिलं, नकळत नाडी बघितली, आणि मग भिंतीकडे जाऊन फोटो उतरवला. फ्रेम त्यांनी पदरानं पुसली आणि टेलरच्या हातात ठेवली.

"घ्या. तुमची आई."

टेलर खिडकीशी गेले. फोटो त्यांनी थोडा डावीकडे धरला, मग थोडा वर, जिथं अजून उजेड शिल्लक होता तिथं आणायला. कितीतरी वेळ ते बघत होते. खाली कुणीतरी पाण्याचा पंप सुरू केला आणि बंद केला.

"काही आठवत नाही," शेवटी ते म्हणाले. ओशाळून म्हणाले. "मला वाटलं होतं, बघितल्यावर आत काहीतरी हलेल. रस्त्यात भेटली असती तर बाजूनं निघून गेलो असतो." मग ते सिस्टरांकडे वळले. "तुम्ही हिच्याबरोबर राहिलात. कशी होती हो ती?"

सिस्टरांना काय माहीत असणार, असं काकांच्या अगदी जिभेवर आलं होतं. सिस्टरांनाही ते कळत असणार, कारण त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्या टेलरजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"हट्टी होती," त्या म्हणाल्या. "फोटोवाला सांगत असणार, हात मांडीवर ठेवा. हिनं नाही ठेवले. हा हात बघा, खुर्चीवरून उचलायच्या बेतात आहे. आणि घाईत होती. बटण लावलेलं नाही. केस एका बाजूला सुटलेत. मी रोज म्हणायचे हिला, बाई, घरातून निघताना आरशात बघायचं तरी."

"रोज बोलायचात?"

"बोलायचे. सांगायला कुणाला लाजायचंय आता? आणि समोर बघत नाही ही. कॅमेऱ्यात बघा, कॅमेऱ्यात बघा म्हणून तो घसा कोरडा करत असेल, पण हिची नजर इकडे, खाली. टांगला तेव्हा ती सरळ त्या कपाटाच्या कोपऱ्यात जात होती. म्हणून मी खाट तिथं नेली. आधी खिडकीशी होती, चांगला वारा यायचा. पण तिथं कोपऱ्यात झोपलं की सकाळी डोळे उघडल्यावर ती बघत असायची. मला वाटायचं…" सिस्टर थांबल्या. काय वाटायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

टेलरनी खिशातून फडकं काढलं आणि स्वतःचा फोटो त्यांच्यापुढे धरला. "हा त्याच दिवसाचा."

सिस्टरनी चष्मा लावला. दोन्ही फोटो त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि दोन रुग्णांचे तक्ते पडताळावेत तशा त्या एकातून दुसऱ्यात बघत राहिल्या. तीच खुर्ची, तोच तुटका मोगरा, तेच उघडं बटण. मांडीवरचं मूल. मांडी रिकामी.

"हा आधी काढला," त्या हळूहळू म्हणाल्या. "मग एकटीचा काढायचा म्हणून तुम्हाला मांडीवरून उचललं. वडिलांनी असेल, नाहीतर आत्यानं. आणि घेऊन कुठं उभे राहणार? कॅमेऱ्याच्या बाजूला. इथं." त्यांनी टेबलाच्या कडेशी, जरा खाली, हवेत बोट ठेवलं. "आईपासून काढलं की पोर रडतंच. तुम्ही भोकाड पसरलेलं असणार. म्हणून हात उचललाय तिनं. फोटो झाला की घ्यायचं म्हणून."

सिस्टरांनी चष्मा काढला.

"तुमच्याकडे बघतेय ती," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून."

टेलरनी फ्रेम उचलली आणि डोळ्यांच्या इतकी जवळ नेली की काचेवर त्यांच्या श्वासाचं धुकं आलं. मघाशी आत काही हललं नाही म्हणणारा तो म्हातारा आता उभ्या उभ्या रडत होता, कोटाच्या बाहीनं काच पुसत होता आणि पुन्हा बघत होता. काकांना वाटलं, आता उठावं, काहीतरी बोलावं, निदान माफी तरी मागावी. पण ते इतके थकले होते की नुसते बसून राहिले, आणि कदाचित तेच बरं झालं.

सिस्टरनी कपाटातून धुतलेला उशीचा अभ्रा काढला. टेलरचं रडणं आटपल्यावर त्यांनी दोन्ही फोटो मध्ये कागद घालून त्यात सरकवले आणि टोक दुमडून पिन लावली. भिंतीवर फ्रेमच्या आकाराची फिकट जागा राहिली होती. तिकडे त्यांनी पाठ केली.

"मी येत जाऊ का मधून मधून?" टेलरनी विचारलं. "मला दिसायचं थांबलं की तुम्ही सांगाल, ती कशी दिसते."

"या," सिस्टर म्हणाल्या. "पण जिने सावकाश चढा." मग त्या काकांकडे वळल्या. आवाज पुन्हा वॉर्डातला झाला होता. "चौकटराव, बसून काय राहिलात? जायच्या आधी एक काम करा. ही खाट त्या बाजूनं धरा. खिडकीशी न्यायचीय परत."

काका गुडघ्यावर हात टेकून उठले. टेलरनी अभ्रा जपून टेबलावर ठेवला आणि तेही येऊन मधोमध वाकले. तीन म्हाताऱ्यांनी मिळून खाट कपाटाच्या कोपऱ्यातून ओढून काढली. पाय फरशीवर करकरले, काकांची कमर धरली, आणि खोलीच्या मध्यावर येऊन सगळे दम खायला थांबले.

"थांबा जरा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी खाटेचा कठडा सोडला नव्हता. "घाई नाही."